ऐरोली आणि फोर्ट अशा दोन नोकऱ्या, पाच वर्षांची लेक: डोंबिवली, बदलापूर की नवीन पनवेल?

नमस्कार मंडळी,

घर घ्यायचं नक्की झालंय, पण कुठे घ्यायचं तेच ठरत नाहीये. या तिन्हींपैकी कुठेही लहान मुलांना घेऊन राहणाऱ्यांचा, किंवा राहून नंतर दुसरीकडे गेलेल्यांचा अनुभव हवा आहे.

सध्या आम्ही भांडुपला भाड्याच्या वन आरकेमध्ये आहोत. नवऱ्याचं ऑफिस फोर्टला, रोज जावं लागतं. माझं ऐरोलीला, आठवड्यातले तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घरून. लेक येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात, एरवी दिरांकडे सांगलीला. त्यांचे गुडघे धरलेत, त्यामुळे लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर जाता येणार नाही. बजेट सगळं मिळून ६० लाख. घर माझ्या नावावर घेणार आहोत, कारण बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. तीही या हिशेबात धरली आहे.

एवढ्या पैशांत बदलापूरला लिफ्ट असलेल्या इमारतीत ऐसपैस टू बीएचके दाखवलं. डोंबिवली पूर्वेला जुन्या सोसायटीत वन बीएचके मिळतंय आणि नवीन पनवेलला सिडकोच्या वसाहतीत पहिल्या मजल्यावर वन बीएचके. दोन्हीकडची माणसं एकच सांगतात, बदलापूर घ्या, मुलीला वेगळी खोली होईल. खोली मलाही हवी आहे. पण ती खोलीत जागी असताना आम्ही घरी असणार आहोत का, हा माझा प्रश्न आहे.

सकाळचं एक वेळ जमेल, बदलापूरहून सुटणारी लोकल पकडली की बसायला मिळतं. खरा प्रश्न संध्याकाळचा आहे. ऐरोलीहून ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरायचं, पूल चढून फास्टच्या फलाटावर यायचं आणि सीएसएमटीहून खच्चून भरून आलेल्या बदलापूर किंवा कर्जत गाडीच्या लेडीज डब्यात शिरायचं. दारातल्या बायकांना डोंबिवली-कल्याणला उतरायचं असतं, त्या आत सरकणार कशा? पर्स पोटाशी धरून, ओढणी खांद्याला गच्च बांधून आत शिरलं, तर पहिला प्रश्न येतो, “तुम्ही कुठे उतरणार?” आणि बदलापूर म्हटलं की चेहरे उतरतात, कारण सीट लवकर रिकामी होणार नसते. ठाण्याहूनच सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण मोजक्याच. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात उभे असलेले प्रवासी खाली पडून गेले. तेव्हापासून आम्ही दोघांनी ठरवलंय, लटकून यायचं नाही. म्हणजे गर्दीच्या गाड्या सोडायच्या आणि घरी पोचायची वेळ पुढे ढकलायची.

शिवाय कल्याणच्या पुढे बदलापूरच्या बाजूला अजून दोनच रूळ आहेत. लोकल, मेल-एक्स्प्रेस, मालगाडी सगळं त्यावरूनच जातं. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये सुरू झाली. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिकेचं काम सुरू आहे. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो १४ ची चर्चा एजंट फार रंगवून करतात, पण आज ती कागदावरच आहे, त्यामुळे मी ती हिशेबात धरत नाही. आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते आठवतंच. बदलापूरला पाहिलेलं घर उल्हास नदीपासून फार लांब नाही. ते पूररेषेत येतं का, हे एजंटला विचारलं तर “मॅडम, पाणी रस्त्यापर्यंतच येतं” असं उत्तर मिळालं. बदलापूरकरांनो, पूररेषेचा नकाशा नगरपालिकेत बघायला मिळतो का, आणि कोणत्या भागात घर मुळीच घेऊ नये, हे स्पष्ट सांगा.

आता माझ्या डोक्यात घोळणारा मुख्य मुद्दा. डोंबिवली घ्या किंवा बदलापूर, मी आणि नवरा दोघंही ठाणे-मुंब्रा-दिवा या एकाच पट्ट्यावर अवलंबून राहणार. तो बंद पडला की दोघंही अडकलो. नवीन पनवेलचं तसं नाही. ऐरोलीहून पनवेलची गाडी थेट आहे, ठाण्याला जावंच लागत नाही. नवरा हार्बरने सीएसएमटीहून बसून येईल. हार्बरला फास्ट गाडी नाही, प्रत्येक स्टेशन घेत जाते, म्हणून वेळ खाते हे मान्य. पावसात कुर्ला-चुनाभट्टीला पाणी भरलं की हार्बर बंद पडते. पण त्या दिवशीही मी घरी पोचू शकते. दोघांपैकी एक जण तरी मुलीपर्यंत पोचणार, ही गोष्ट मला एका जास्तीच्या खोलीपेक्षा मोठी वाटते.

मग अडतंय कुठे? डोंबिवलीला पाहिलेल्या घराच्याच गल्लीत माझी मावसबहीण राहते. तिच्या ओळखीच्या पाळणाघराच्या काकू रात्री आठपर्यंत मुलं ठेवतात. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, सेमी इंग्रजी, वाणसामान खालीच आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेला मुलीच्या वयाची सगळी पोरं. मुलीला भाषा, सण, आजूबाजूची चार घरं हे सगळं आयतं मिळेल. पनवेलला आमचं कुणीच नाही. आत्ता भांडुपच्या पाळणाघरात साडेसात वाजले की काकू लेकीला बूट घालून, दप्तर पाठीवर अडकवून दाराजवळच्या खुर्चीवर बसवतात. काकूंचंही बरोबर आहे, त्यांच्या घरी स्वयंपाक व्हायचा असतो. पण जिना चढताना ती खुर्चीवर बसलेली दिसली की माझ्या पोटात कालवतं.

डोंबिवलीकरांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ ला स्फोट झाले. स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्यांना रसायनांच्या वासाचा त्रास कितपत होतो, आणि लहान मुलांच्या खोकल्या-दम्याबाबत तुमचे बालरोगतज्ज्ञ काय सांगतात? दुसरं इमारतीबद्दल. खोट्या परवानग्या दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांवर नियमन करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं असेल. म्हणजे महारेराचा नंबर आहे आणि बँक कर्ज देतेय, एवढ्यावर भागत नाही. म्हणून आम्ही भोगवटा प्रमाणपत्र असलेली, सोसायटी नोंदलेली जुनी इमारतच बघतोय. पण ते प्रमाणपत्र खरंच महापालिकेनेच दिलंय याची खात्री कुणी कशी करून घेतली? माहितीच्या अधिकारात अर्ज केला की नगररचना विभागात प्रत्यक्ष जाऊन बघितलं? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल तर घर सोडूनच द्यावं का?

पनवेलकरांनी पाण्याबद्दल खरं सांगा. एप्रिल-मेमध्ये किती वेळ पाणी येतं, टँकर मागवावा लागतो का, आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला असतो की वेगळा पडतो? सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, तेव्हा रीसेलला हस्तांतरण शुल्क घेणारा भरतो की विकणारा? विमानतळामुळे भाव वाढतील का, हे मला नको आहे. आम्हाला राहायचं आहे, विकायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवीन पनवेल किंवा खांदा कॉलनीत रात्री आठपर्यंत मूल ठेवणारं, घरगुती, खात्रीचं पाळणाघर आहे का? नावपत्ता इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नव्या जागी जाऊन तुमच्या मुलांना शेजार कसा मिळाला, किती दिवस लागले, हेही वाचायला आवडेल. भाड्याने वर्षभर राहून बघा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिलाय. पण शाळेत एकदा प्रवेश घेतला की दुसऱ्या वर्षी तिला तिथून उपटायचं माझ्या मनात नाही. शाळांचे अर्ज दिवाळीनंतर सुटू लागतात, त्यामुळे घर कुठे घ्यायचं ते त्याआधी ठरायला हवं. पनवेलच्या घरमालकांना पुढच्या रविवारपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.