पांढरी वॉटरलिली: कळी येते पण फूल उघडलेलं कधी दिसतच नाही

ठाणेकर_बाल्कनी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पांढरी लिली आहे, नर्सरीवाल्याने कमळ म्हणूनच दिली होती पण पानं पाण्यावर सपाट पडलेली असतात आणि प्रत्येक पानाला एक खाच आहे म्हणजे लिलीच असणार. सहाव्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी, सकाळी सात ते साडेअकरा चांगलं कडक ऊन येतं. कळी येते, वर येते, फुगते, आणि रविवारी दुपारी निवांत बघायला जावं तर मिटलेली, मग दोन-तीन दिवसांनी मान टाकून पाण्यात बुडते. रोज सकाळी डब्यांची घाई असते त्यामुळे तेव्हा लक्ष जात नाही. नवीन पानं पण लहान लहान यायला लागलीत, कडेची पिवळी पडतात. कुंडीत कोकोपीट आहे, पाणी घातलं की अर्धं तरंगून वर येतं. त्यात सासूबाई म्हणतात डास होतात, टब काढून टाक. काय करू?

चिखल्या
ताई आधी एक सांगा, पानांची कड कशी आहे? सरळ गुळगुळीत, की करवतीसारखे दाते आहेत? आणि पान उलटं करून बोट फिरवा, खालून जांभळट आणि किंचित लव असल्यासारखं लागतंय का?

ठाणेकर_बाल्कनी
हो दाते आहेत! आणि खालून जांभळट, मऊ लव लागते. नर्सरीत यातलं काहीच सांगितलं नाही.

चिखल्या
मग तुमचं फूल उघडतंय, तुम्ही चुकीच्या वेळी बघताय. ही रात्री फुलणारी लिली. आपल्याकडच्या तळ्यांत जी पांढरी कुमुदं दिसतात त्यातलीच एक जात. संध्याकाळी उशिरा उघडायला लागते, रात्रभर पूर्ण उघडी आणि दुसऱ्या दिवशी नऊ-दहाच्या सुमारास मिटते. ढग असले तर जरा जास्त वेळ. असं तीन-चार रात्री करते आणि मग देठ वाकवून पाण्याखाली जाते, ते मरणं नाही, बी धरायची तिची पद्धत आहे. दुपारी उघडी बघायची असेल तर दिवसा फुलणारी वेगळी घ्यावी लागेल, गार हवेच्या देशातल्या त्या हार्डी जातींची पानं बहुतेक गुळगुळीत कडेची असतात. आज रात्री जेवणं झाली की टॉर्च घेऊन जा. पहिल्या रात्रीचं फूल सापडलं तर मधोमध बघा, वाटीसारख्या खोलगट जागेत पाण्यासारखा द्रव भरलेला दिसेल आणि पुंकेसर सगळे सरळ उभे. दुसऱ्या रात्री तो द्रव नसतो. पहिल्या रात्री फूल मादी असतं, नंतर पराग सोडतं.

लहान पानांचं कारण मात्र कोकोपीट. ते पाण्यात तरंगतंही आणि त्यात खायलाही काही नाही. काढून टाका सगळं. बारा-चौदा इंची घमेलं घ्या, भोक नको, तळाशी मूठभर पूर्ण कुजलेलं शेणखत, त्यावर शेतातली काळी चिकट माती दाबून भरा. कच्चं शेण चुकूनही नाही, आठवड्यात वास येतो आणि पाणी हिरवंगार. कंद मधोमध उभा लावा, कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, पुरला तर कुजतो. वरून इंचभर जाड वाळू पसरा म्हणजे माती उठत नाही. मग घमेलं टबात ठेवून सुरुवातीला कोंबावर चार-पाच इंच पाणी, पानांचे देठ लांबले की वाढवत फूटभरापर्यंत. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग ओता. कारंजं वगैरे लावू नका हो, पानांवर सारखं पाणी उडलेलं हिला चालत नाही.

कोकणची_माती
वरचं सगळं बरोबर, पण शाडू माती राहिली. गणपतीनंतर रंग न दिलेल्या मूर्तीची शाडू उरली असेल तर काळ्या मातीत थोडी मिसळा, चिकटपणा मस्त येतो. नुसती शाडू नको, दगडासारखी बसते. आमच्याकडे लाल माती, त्यात मी शाडू घालतेच घालते. आणि खत डीएपी एक चमचा वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून घमेल्यात कडेला खोल खुपसा, महिन्यातून एकदा, ऐन थंडीत नाही. पाण्यात सुटं टाकलंत तर लिली नाही, शेवाळ जेवेल.

चिखल्या
डीएपी नवीन लावलेल्या कंदाला लगेच नको. दोन-तीन नवी पानं वर आली की मग. हाडांचा चुरा जास्त सावकाश सुटतो आणि मुळांना जाळत नाही, मला तोच बरा वाटतो.

कोकणची_माती
अहो पण सासूबाईंच्या घरात हाडांचा चुरा 😀 ताई, तुम्ही डीएपीच वापरा.

पुणेकर_कट्टा
डासांसाठी गप्पी मासे सोडा, चार-पाच पुरेत, अळ्या खातात. आमच्या वॉर्डातून फुकट मिळाले होते, तुमच्याकडे चौकशी करून बघा. डेंग्यूच्या सीझनला तपासणीवाले घरी येतात तेव्हा उघडं साठलेलं पाणी म्हणून नोटीस हातात देतात, मासे दिसले की निदान बोलायला तोंड राहतं. पण हे मासे विहिरीत किंवा नदीत नेऊन सोडू नका, तिथल्या माशांची पिल्लं खाऊन टाकतात. मासे असताना कडुनिंबाचं तेल किंवा कुठलंही औषध फवारायचं नाही. काळा मावा पानांवर आला की पान हाताने पाण्याखाली दाबून हलवायचं, मावा सुटतो आणि मासे फस्त करतात. पानाखाली जेलीसारखा चिकट गोळा दिसला तर ती गोगलगाईची अंडी, नखाने खरवडून टाकायची.

ठाणेकर_बाल्कनी
बापरे एवढं सगळं. धन्यवाद हो! टब मोठा घेऊ म्हणते, वीस इंची. तो बाल्कनीच्या बाहेरच्या ग्रिलवर ठेवला तर ऊन जास्त मिळेल ना?

पुणेकर_कट्टा
ताई नको!! वीस इंच रुंद आणि फूटभर खोल टबात साठ लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे साठ किलो, वर मातीचं घमेलं वेगळं. ग्रिल एवढ्यासाठी नसतं आणि खाली माणसं चालतात. आत भिंतीला लागून ठेवा. तुमचं साडेचार तासांचं ऊन थोडं कमी आहे, पाच-सहा मिळालं तर कळ्या वाढतील, पण तेवढ्यावरही ही फुलतेय म्हणजे तक्रार नाही.

सातारी_पोर
मध्येच घुसतो. माझा एक मित्र कासच्या कुमुदिनी तलावातनं रोप आणायच्या गोष्टी करत होता, प्लीज कोणी असलं करू नका. तिथली फुलं बारकी, पाकळ्यांना झालर असलेली, ती लिलीच नाही मुळात, वेगळंच कुळ. आणि ते पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, तिथनं काही उपटायचं नसतं.

ठाणेकर_बाल्कनी
मंडळी काल रात्री साडेदहाला बघितलं. उघडलं होतं!! चांगलं तळहाताएवढं, पाण्याच्या वर उभं. सासूबाईंना उठवून आणलं, त्या म्हणाल्या हे पूजेला सकाळी सहाला काढलं तर चालेल का?

कोकणची_माती
काढा ना, सहाला उघडंच असतं. फक्त देठ ओढून तोडू नका, कंद हलतो. हात पाण्यात घालून खालून कात्रीने कापा, आणि पिवळी पानंही तशीच.