'रिकव्हरी पार्टिशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: विंडोज १० वरून ११ वर गेलो. डिस्कचे भाग (पार्टिशन) दाखवणाऱ्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघतो तर एकाच्या जागी दोन रिकव्हरी पार्टिशन. दोन्हींना ड्राइव्हचं अक्षर नाही, राइट क्लिक केलं तर फक्त 'हेल्प'. यावर घरच्यांसाठी टिपण लिहायला बसलो आणि 'पुनर्प्राप्ती विभाजन' या पहिल्याच शब्दांवर अडलो.

प्रतिसाद १: विभाजन ही क्रिया झाली. फाळणी, वाटणी तशाच. वाटणीतून हाती येतो तो तुकडा, त्याला कप्पा म्हणा. लपवलेला असेल तर चोरकप्पा! चोरखिसा, चोरदरवाजा आहेतच की.

प्रतिसाद २: चोरकप्पा झकास, पण घरचे व्हायरस समजून उडवतील. :)

खरी गोम 'रिकव्हरी'त आहे. डिलीट झालेले फोटो परत मिळाले तर ती पुनर्प्राप्ती. (कर्जाची असेल तर वसुली.) इथे त्यातलं काहीच नाही. शिवाय इंग्रजीत एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक विंडोजचा स्वतःचा कप्पा, काहीशे एमबीचा. मशीन सुरूच होईना तर त्यातली अवजारं कामाला येतात. हा दुरुस्तीकप्पा. दुसरा मशीन बनवणाऱ्याने भरून दिलेला, कित्येक जीबीचा, त्यात मूळ विंडोजची अख्खी प्रत. तो मूळप्रतीचा कप्पा. अपग्रेडनंतर तो वापरलात तर जुनंच विंडोज परत येईल.

प्रश्नकर्ता: माझे दोन्ही ५००-७०० एमबीचे. म्हणजे दुरुस्तीकप्पेच. पण दोन कशाला?

प्रतिसाद २: नवी अवजारं जुन्या कप्प्यात मावली नाहीत की सेटअप 'सी' ड्राइव्हमधून जागा कापून नवा कप्पा करतो. जुना तसाच पडून राहतो. जागा अपुरी पडल्यामुळेच जानेवारी २०२४ चा एक अपडेट कित्येकांकडे अडला होता.

प्रतिसाद १: मग जुना तो पडीक कप्पा. पडीक जमिनीसारखा.

प्रतिसाद २: वा! चालू कुठला ते कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'रीएजंटसी /इन्फो' (reagentc /info) दिलं की कळतं. उत्तरात 'पार्टिशन४' असा काहीतरी आकडा येतो, त्या आकड्याच्या कप्प्याला हात लावू नका. पडीक काढायला डिस्कपार्टमध्ये (कमांड देऊन डिस्कचे भाग हाताळायचं अवजार) 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' (delete partition override) आहे, पण तिथे 'नक्की का?' असं कुणी विचारत नाही. त्याआधी बॅकअप घ्या. आणि मोकळी जागा 'सी'ला लागून उजवीकडे नसेल, तर डिस्क मॅनेजमेंट ती 'सी'त जोडू देत नाही.

प्रश्नकर्ता: टिपण बाबांना वाचायला दिलं. 'पडीक' चटकन कळलं. 'दुरुस्तीकप्पा' वाचून मात्र विचारलं, "स्क्रूड्रायव्हर ठेवतात तो का?"

प्रतिसाद १: म्हणजे बरोबर कळलं.