सर्व्हर थांबवून जगणारा एजंट खरोखर जगतो का?

गोदातीर
नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील अंतिम वर्षाचा गट माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या जगातील संगणकीय खेळात स्वतःहून जगणारा एजंट, म्हणजे स्वतः निर्णय घेऊन खेळणारी संगणकप्रणाली, तयार करीत आहे आणि मी त्या गटाला बाहेरून मार्गदर्शन करतो. रचना २०२३ मधील व्हॉयेजर या प्रकल्पाच्या धर्तीवर आहे. भाषा-मॉडेल पुढचे काम ठरवते व त्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये कोड लिहिते. खेळातील पात्र कोडने चालवण्यासाठीच्या माइनफ्लेअर या तयार लायब्ररीमार्फत तो कोड खेळात चालतो. त्रुटी आली तर तिचा संदेश मॉडेलकडे परत जातो आणि जमलेल्या कामाचा कोड पुन्हा वापरण्यासाठी कौशल्यसंग्रहात साठवला जातो. लाकूड तोडण्यापासून लोखंडी पिकॅक्सपर्यंतचा (खणण्याच्या कुदळीपर्यंतचा) प्रवास एजंट मध्ये कोणी हात न लावता पूर्ण करतो. मुलांनी घेतलेली मेहनत मोठी आहे, हे आधीच सांगतो.

माझा आक्षेप दोन सवलतींना आहे आणि त्या काढल्याशिवाय 'एजंट जगण्यास शिकला' असा दावा अहवालात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली सवलत शोधाची आहे. एजंटने लोखंडाचा खडक मागितला की लायब्ररी ३२ ठोकळ्यांच्या परिघातील सर्वांत जवळचा खडक शोधून देते, मग तो दगडाआड पूर्ण गाडलेला का असेना. माणूस खेळाडू गुहेत उतरतो, मशाल लावतो, भिंती न्याहाळतो; आपला एजंट मात्र उभ्या जागेवरून नेमक्या त्याच दिशेने बोगदा खणत जातो. दुसरी सवलत मला अधिक खटकते. मॉडेल उत्तर तयार करीत असताना खेळाचा सर्व्हर, म्हणजे खेळातील जग चालवणारी यंत्रणा, थांबवलेला असतो. क्रीपर हा खेळातील राक्षस जवळ आल्यावर दीड सेकंदात फुटतो आणि मॉडेलला उत्तर द्यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून जगच गोठवले जाते. ज्या जगात राक्षसांची रात्र आपल्यासाठी थांबते, तिथे रात्र काढली म्हणून कौतुक कशाचे करायचे?

सातपूरकर
गोदातीर, तुमच्या निरीक्षणांशी सहमत असूनही निष्कर्ष मला मान्य नाही. या क्षेत्रातील प्रत्येक प्रयत्नाने कोणती अडचण ठेवायची आणि कोणती बाजूला सारायची, याची निवड केलेली आहे. माइनक्राफ्टमध्ये हिरा मिळवणारा एजंट घडवण्याच्या २०१९ च्या माइनआरएल स्पर्धेत माणसांच्या खेळाची मोठी विदा दिलेली होती, पण शिकण्यासाठीचे संगणन आणि खेळातील नमुने यांवर कडक मर्यादा होती; एकाही संघाच्या एजंटला हिरा मिळाला नाही. २०२२ मध्ये ओपनएआयने सुमारे ७०,००० तासांच्या व्हिडिओंवरून मॉडेल शिकवले आणि ते माणसासारखे केवळ पडदा पाहून माउस व कीबोर्ड चालवत होते. तेवढे संगणन कोणत्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आहे? ड्रीमर या स्वतः खेळून शिकणाऱ्या प्रणालीची तिसरी आवृत्ती माणसाच्या खेळाचा एकही नमुना न पाहता हिऱ्यापर्यंत पोहोचली, आणि ते काम २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. पण तिथेही ठोकळे फोडण्याचा वेग वाढवलेला होता. त्यामुळे त्या कामाचे मोल कमी झाले, असे कोणी म्हणत नाही.

या गटाचा प्रश्न दूरच्या ध्येयाचे नियोजन हा आहे. मी कारखान्यातील स्वयंचलन यंत्रणांवर काम करतो. आमचा नियंत्रक भट्टीकडे डोळ्यांनी पाहत नाही, त्याला तापमानाचा आकडा मिळतो, आणि तरीही भट्टी सांभाळण्याचा निर्णय त्याचाच असतो. दृष्टी आणि निर्णय ही दोन कामे वेगळी ठेवण्यात लबाडी नाही. अहवालात ती विभागणी उघड सांगितली म्हणजे झाले.

दिंडोरीकर
मला मुळात विषयच पटत नाही. आमच्या तालुक्यात द्राक्षबागांवर केवडा आणि भुरी यांचे संकट दरवर्षी उभे असते. फुलोऱ्यात पाऊस आला की फवारणी कधी करायची, हा निर्णय शेतकरी रात्री जागून घेतो. इतकी हुशार मुले आणि त्यांचे वर्ष खेळातील खडक फोडण्यात जावे, याचे मनापासून वाईट वाटते. स्वतः निर्णय घेणारी यंत्रणाच करायची, तर ती बागेसाठी करा.

सातपूरकर
दिंडोरीकर, तुमची कळकळ मी समजू शकतो, कारण आमच्याही घरची बाग आहे. पण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, असे मिळून वर्षाला एकच पीक हाती येते. निर्णय घेणारी यंत्रणा चुकतच शिकते, आणि बागेतील एका चुकीची किंमत शेतकऱ्याचे वर्ष असते. खेळात एजंट लाव्ह्यात पडला तर नवे जग उघडते. कच्ची यंत्रणा कोणाच्या तरी बागेवर चालवून पाहण्यापेक्षा तिने आधी इथे मरावे, हे मला अधिक जबाबदारीचे वाटते.

दिंडोरीकर
मग खेळानंतर बागेकडे येण्याचा रस्ता अहवालात कुठे आहे, तो दाखवा. मला तो दिसला नाही.

शेवटचे_वर्ष
मी त्या गटातील आहे. दिंडोरीकर काका, तो रस्ता आमच्या अहवालात नाही आणि आम्ही तसा दावाही केलेला नाही.

गोदातीर सर, पहिला आक्षेप दूर करता येतो. ठोकळा दृष्टीच्या रेषेत आहे का, हे तपासण्याची सोय लायब्ररीतच आहे. ती अट घातली की एजंटला गुहा शोधाव्याच लागतील. कामाला वेळ बराच लागेल आणि मॉडेलच्या वापराचा खर्च वाढेल, जो आम्ही आपापसात वर्गणी काढून भागवतो. दुसऱ्या आक्षेपावर आमचा विचार असा आहे की सर्व्हर चालू ठेवावा आणि धोका जवळ आला की मॉडेलला न विचारता पळणारा, भूक लागली की खाणारा असा छोटा वेगळा कोड आम्ही लिहून द्यावा.

गोदातीर
तो मार्ग मला मान्य नाही. मग जगण्याचा भाग तुम्ही लिहिलेला असेल आणि एजंटकडे फक्त खरेदीची यादी उरेल. क्रीपरपासून पळणारा कोडसुद्धा मॉडेलनेच, स्वतः मेल्याच्या अनुभवावरून लिहावा आणि कौशल्यसंग्रहात ठेवावा. मग तो मॉडेलला न विचारता चालला तरी माझी हरकत नाही. त्यासाठी मेल्यावर सामान राखून ठेवण्याचा जो नियम तुम्ही चालू ठेवला आहे, तोही बंद करावा लागेल. सांडलेले सामान पाच मिनिटांत नाहीसे होते, ही धास्ती एजंटला कळलीच पाहिजे.

आणखी एक कसोटी सुचवतो. मॉडेलने प्रशिक्षणातच या खेळाविषयी भरपूर वाचलेले असते. तीन लोखंडी विटा आणि दोन काठ्या यांचे पिकॅक्स होते, हे त्याला आधीपासून ठाऊक आहे. डेटापॅक (खेळाचे नियम बदलणारी फाइल) वापरून रेसिपी, म्हणजे कशापासून काय बनते तो नियम, बदला, लोखंडाऐवजी तांबे मागा आणि एजंट नवा नियम शोधतो की जुनाच आठवत बसतो, ते पाहा.

शेवटचे_वर्ष
सर, कल्पना उत्तम आहे, पण एक अडचण आहे. माइनफ्लेअर रेसिपींची यादी सर्व्हरकडून घेत नाही, ती त्याच्या स्वतःच्या माहितीसंचात आधीच भरलेली असते. बदललेली रेसिपी त्याला दिसणारच नाही. एजंटला क्राफ्टिंग टेबल (खेळात वस्तू बनवण्याचे टेबल) उघडून एकेका चौकोनात वस्तू ठेवून पाहावी लागेल आणि त्यासाठी खालच्या पातळीची नवी साधने आम्हाला द्यावी लागतील.

सातपूरकर
ती साधने जरूर द्या, कारण रेसिपीची कसोटी मलाही योग्य वाटते. पण सर्व्हर न थांबवण्याची अट त्याच प्रयोगात घालू नका. दोन्ही अटी एकदम लावल्या आणि एजंट पहिल्याच रात्री मेला, तर त्याला नियम शोधता आला नाही की विचार करायला वेळ पुरला नाही, हे कळायला मार्ग राहणार नाही. आधी थांबलेल्या जगात बदललेल्या रेसिपी, मग चालू जगात मूळ रेसिपी, आणि दोन्हींचे निकाल स्वतंत्र तक्त्यांत.

गोदातीर
क्रम मान्य आहे. दुसरा तक्ता भरेपर्यंत जगण्याचा दावा अहवालात येणार नाही, या अटीवर.