मदत हवी आहे: कंटेनरला २ जीबीची मर्यादा, आतून मात्र २५१ जीबी दिसतंय

रात्रपाळीवाला:

नमस्कार मंडळी. दोन दिवस डोकं आपटून झालं, म्हणून इथे आलो. लोकलमधून मोबाइलवर टाइप करतोय, त्यामुळे कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहिली आहेत. ओळखून घ्या.

आमचं काम म्हणजे मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं. महिन्याच्या १ तारखेला हजारो पीडीएफ तयार होतात आणि सभासदांना मेलने जातात. आतापर्यंत हे सगळं एका जुन्या ८ कोअरच्या मशीनवर गुण्यागोविंदाने चालत होतं. मागच्या महिन्यात नवं मशीन आलं. ६४ लॉजिकल कोअर, २५६ जीबी रॅम, उबुंटू २२.०४. तेच डॉकरचे कंटेनर (मेमरी-सीपीयूची मर्यादा आखून वेगळे चालवलेले प्रोग्रॅम), त्या मर्यादा लिहिलेली तीच डॉकर कम्पोजची फाइल, फक्त मशीन बदललं.

पहिला कंटेनर पायथनचा, गनिकॉर्न या वेब सर्व्हरवर चालणारा; तो कामासाठी अनेक वर्कर प्रोसेस उघडतो. मर्यादा २ जीबी आणि २ सीपीयू. सुरू केल्यावर वीस सेकंदांत वर्कर मरायला लागतात. कंटेनर जिवंत राहतो, पण वर्कर मरतात, नवे जन्मतात, तेही मरतात. लॉगमध्ये सिगकिलच्या, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारल्याच्या, ओळींची रांग.

दुसरा जावाचा, रिपोर्ट बनवणारा. हा विकतचा आहे, सोर्स आमच्याकडे नाही. मर्यादा ४ जीबी, २ सीपीयू. सकाळी सुरू केला की छान चालतो आणि दुपारी तीनच्या आसपास सरळ १३७ कोड देऊन बंद पडतो. १ तारखेला नेमका तेव्हाच पडला. मालाडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका मला अर्ध्या तासात चार वेळा फोन करून 'बिल आलं नाही' सांगत होते.

आत शिरून मेमरी दाखवणारी 'फ्री' कमांड चालवली तर ती २५१ जीबी दाखवते, त्यातली बहुतेक रिकामी. कोअर मोजणारा 'एनप्रॉक' म्हणतो ६४. 'टॉप'मध्ये वरच्या ओळी अख्ख्या मशीनच्या आणि खालची यादी फक्त आमच्या प्रोसेसची. साहेबांनी माझ्या खांद्यावरून तो स्क्रीन बघितला आणि म्हणाले, "एवढी रॅम पडून आहे, मग मेमरी कुठे कमी पडतेय? तुमच्या कोडमध्येच घोळ आहे."

एलएक्ससीएफएस नावाचं काहीतरी बसवलं की कंटेनरच्या आत खरे आकडे दिसतात असं वाचलं. ते बसवू का? कोणी प्रॉडक्शनमध्ये वापरलंय? आणि जुन्या मशीनवर हे सगळं का चालत होतं, ते तर मला अजिबात कळलेलं नाही.

तिसरी_गल्ली:

मर्यादा काढून टाका. २५६ जीबी कशाला घेतलीत मग?

रात्रपाळीवाला:

भाऊ, त्याच मशीनवर डेटाबेसही आहे. एक कंटेनर सुटला तर सगळ्यांना घेऊन बुडेल.

वडाळा_डेपो:

आधी 'का' समजून घ्या, एलएक्ससीएफएसचं नंतर बघू.

कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे, हे आपण तोंडाने म्हणतो पण मनात ठसत नाही. प्रोसेस, नेटवर्क, माउंट या सगळ्यांना कर्नलने वेगवेगळी नेमस्पेस, म्हणजे प्रत्येक कंटेनरपुरतं वेगळं दृश्य, दिली. मेमरी आणि सीपीयूच्या माहितीला अशी नेमस्पेस नाहीच. त्यामुळे 'प्रोक' खालची मेमइन्फो आणि सीपीयूइन्फो या फाइली कंटेनरमधूनही अख्ख्या मशीनचंच बोलतात. 'फ्री', 'टॉप' त्याच वाचतात. मर्यादा लावतो तो कर्नलचाच एक भाग, सीग्रूप, आणि तो २००८ साली, २.६.२४ कर्नलमध्ये आला. 'फ्री' त्याच्या कितीतरी आधीचा. त्याला सीग्रूप ठाऊक नाही आणि आपण कंटेनरमध्ये आहोत हेही ठाऊक नाही. गच्चीवरची टाकी बघून घरातल्या बादल्या मोजण्यातला प्रकार आहे.

खरा आकडा हवा असेल तर कंटेनरमध्ये सिस/एफएस/सीग्रूप या फोल्डरमधल्या मेमरी.मॅक्स, मेमरी.करंट, सीपीयू.मॅक्स आणि मेमरी.इव्हेंट्स या चार फाइली कॅट करून इथे टाका. आणि गनिकॉर्नच्या कॉन्फिगमध्ये वर्करची संख्या कशी ठरते तेही सांगा.

रात्रपाळीवाला:

पायथनवाल्याचं टाकतो. मेमरी.मॅक्स २१४७४८३६४८. सीपीयू.मॅक्स '२००००० १०००००'. मेमरी.इव्हेंट्समध्ये ऊम_किल, म्हणजे मेमरी संपल्यामुळे मारलेल्या प्रोसेस, ८४१२! हा आकडा बघून घामच फुटला. वर्करची संख्या कॉन्फिगमध्ये सीपीयू काउंट गुणिले दोन अधिक एक अशी आहे. हे मी लिहिलेलं नाही, माझ्या आधीच्या माणसाने कुठूनतरी उचललंय.

वडाळा_डेपो:

कुठूनतरी नाही, गनिकॉर्नच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तो ठोकताळा आहे. आता कागदावर मांडा. जुनं मशीन ८ कोअरचं, म्हणजे १७ वर्कर. एक वर्कर किती खातो?

रात्रपाळीवाला:

साधारण ९० एमबी.

वडाळा_डेपो:

१७ गुणिले ९० म्हणजे दीड जीबीच्या आसपास. २ जीबीत मावलं. नव्या मशीनवर पायथनला दिसले ६४, म्हणजे १२९ वर्कर, म्हणजे साडेअकरा जीबी. जुन्या मशीनवरही कॉन्फिग चुकीचंच होतं, फक्त ८ कोअरमुळे चूक मर्यादेच्या आत बसत होती. दोन सीपीयूच्या हिशोबाने ५ वर्कर होतात. सूत्र काढून टाका आणि पर्यावरण चलातून सरळ ५ द्या.

शून्य_एक:

पर्यावरण चल! वडाळा, तुम्ही शाळेत संगणक मराठीतून शिकलात का? आम्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच म्हणतो.

रात्रपाळीवाला, जावाची गोष्ट वेगळी आहे आणि जास्त गमतीची आहे. कंटेनरमध्ये जावाचं व्हर्जन बघून सांगा, शेवटच्या आकड्यासकट. आणि जुन्या मशीनवर कोणतं उबुंटू होतं?

रात्रपाळीवाला:

८यू२९२. विकणाऱ्यांनी इमेजमध्येच भरून दिलंय. जुन्यावर उबुंटू २०.०४. मी त्यांना मेल टाकला होता. उत्तर आलं, 'आमच्याकडे चालतंय.'

शून्य_एक:

सापडलं.

जावा ८ ला कंटेनरची जाण ८यू१९१ पासून आहे. तुमचं २९२ त्याच्या पुढचं, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण ती जाण सीग्रूपच्या पहिल्या आवृत्तीपुरतीच होती. उबुंटूने २१.१० पासून डिफॉल्ट सीग्रूप व्ही२ केलं. तिथे फाइलींची नावं आणि जागा दोन्ही बदलतात. व्ही२ ची समज मूळ जावामध्ये १५ ला आली, नंतर मागे आणली ती ११.०.१६ मध्ये आणि ८यू३७२ मध्ये. तुमचं २९२ व्ही२ वर मर्यादा शोधतं, सापडत नाही, आणि गुपचूप अख्खं मशीन आपलं समजतं. एररही देत नाही, हा मला सगळ्यात वाईट भाग वाटतो.

हीपची (जावा आपला डेटा ठेवतो त्या मेमरीची) कमाल मर्यादा सांगितली नसेल तर जावा दिसणाऱ्या मेमरीच्या पाव भाग धरतो. जुन्या मशीनवर त्याला ४ जीबी दिसले, हीप १ जीबी. नव्यावर २५१ दिसतात; जावा ८ स्वतःहून ३२ जीबीच्या पुढे जात नाही, तरी हीप जवळपास ३० जीबीपर्यंत वाढू शकते. त्यामुळे त्याला कचरा गोळा करायची घाईच नाही. हीप सावकाश फुगत जाते, दुपारी तीनला ४ जीबीला टेकते आणि कर्नल ९ नंबरचा सिग्नल देतो. १२८ अधिक ९, १३७.

सीपीयूचंही बघा. ६४ कोअर दिसले की पॅरलल जीसीचे (मेमरीतला कचरा गोळा करणारे) थ्रेड ठरतात ८ अधिक उरलेल्या ५६ चे पाच अष्टमांश, म्हणजे ४३. तुमचा कोटा दर १०० मिलिसेकंदांना २०० मिलिसेकंद सीपीयूचा. ४३ थ्रेड एकदम धावले तर तो पाचेक मिलिसेकंदांत संपतो आणि पुढचे ९५ सगळे गपगार उभे. सीपीयू.स्टॅटमध्ये एनआर_थ्रॉटल्ड बघा, रिपोर्ट मधूनच अडकल्यासारखे का वाटतात ते तिथे दिसेल.

सोर्स नसला तरी उपाय आहे. जावा_टूल_ऑप्शन्स हे व्हेरिएबल (पर्यावरण चल, वडाळा!) कम्पोजमध्ये टाका. त्यात एक्सएमएक्स २५६० एमबी आणि ॲक्टिव्हप्रोसेसरकाउंट २. पूर्ण ४ जीबी हीपला देऊ नका, मेटास्पेस आणि थ्रेडचे स्टॅक हीपच्या बाहेर असतात. सोबत मॅलॉक_अरीना_मॅक्स २ ठेवा, कारण ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) ६४ बिट मशीनवर कोअरच्या आठपट अरीना, म्हणजे मेमरीचे वेगवेगळे साठे, उघडू शकते, म्हणजे तुमच्याकडे ५१२. सुरू होताना जावा स्वतःच 'पिक्ड अप' अशी ओळ छापतो. ती दिसली की समजायचं पोचलं.

मुलुंडची_मावशी:

एलएक्ससीएफएसचं कोणी सांगितलंच नाही, म्हणून मी सांगते. आमच्याकडे दोन वर्षं आहे.

ही फ्यूजवर (कर्नलच्या बाहेरून फाइल सिस्टिम चालवायची सोय) चालणारी छोटी फाइल सिस्टिम आहे, एलएक्ससी हे कंटेनरचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीच बनवलेली. होस्टवर चालते. तुम्ही तिच्याकडच्या मेमइन्फो, सीपीयूइन्फो, स्टॅट, अपटाइम, स्वॅप्स वगैरे फाइली कंटेनरच्या प्रोकवर बाइंड माउंट करता, म्हणजे मूळ फाइलींच्या जागी बसवता. कोणी फाइल वाचली की ती वाचणाऱ्या प्रोसेसचा सीग्रूप बघते आणि त्याच्या मर्यादेप्रमाणे मजकूर तयार करून देते. 'फ्री' मग इमानदारीत ४ जीबी सांगतो, 'अपटाइम' कंटेनरचं वय सांगतो.

पण दादा, खाचखळगे आहेत. एक, जो प्रोग्रॅम फाइल न वाचता थेट कर्नलला सिसइन्फो कॉल करून विचारतो, त्याला ती फसवू शकत नाही. 'एनप्रॉक'ही अफिनिटी (कोणत्या कोअरवर चालायची मुभा आहे ते) विचारतो, म्हणून तो ६४ च म्हणत राहील. तिथे सीपीयूसेट लावून दोन कोअर बांधून दिले तरच २ येतात. पायथनचा सीपीयू काउंट बदलायचा तर सिस खालची सीपीयू ऑनलाइन ही फाइलही माउंट करावी लागते.

दुसरं जास्त दुखतं. होस्टवर एलएक्ससीएफएसची प्रोसेस मेली की चालू कंटेनरमधले ते माउंट तुटतात आणि 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड' सुरू होतं. ती परत सुरू केली तरी जुने माउंट आपोआप जुळत नाहीत. आमच्याकडे एकदा पॅकेज अपडेटने हे केलं, ऐन गणपतीत. तेव्हापासून ते पॅकेज होल्डवर आहे, आपोआप अपडेट होत नाही.

माझं मत विचाराल तर ज्या प्रोग्रॅमला आकडा सांगता येतो त्याला सरळ सांगा. एलएक्ससीएफएस ठेवायचं ते माणसांच्या डोळ्यांसाठी आणि ज्याला काही सांगायची सोयच नाही अशा हट्टी सॉफ्टवेअरसाठी. बाकी ठिकाणी आणखी एक मरू शकणारी गोष्ट कशाला पाळायची?

तिसरी_गल्ली:

म्हणजे मी म्हणालो तेच. मर्यादा काढा.

मुलुंडची_मावशी:

तू जेवून घे.

रात्रपाळीवाला:

अपडेट देतो, चार दिवस झाले.

पायथन: वर्कर ५ केले. ऊम_किल शून्यावर आहे. बिलं बनायचा वेळ जुन्या मशीनपेक्षा थोडा कमीच झाला.

जावा: शून्य_एक म्हणाले तसंच केलं. 'पिक्ड अप'ची ओळ दिसली. दुपारचे तीन वाजले, मी चहा हातात घेऊन स्क्रीनसमोर बसलो होतो, काही झालं नाही. चार वाजले, पाच वाजले. मेमरी.करंट सव्वातीन जीबीच्या आसपास थांबलंय. विकणाऱ्यांना ८यू३७२ च्या पुढचं जावा भरून द्या असा मेल टाकलाय, उत्तर नाही.

राहिला एक मॉनिटरिंग एजंट, तो कंटेनरमधूनच मेमइन्फो वाचून डॅशबोर्डवर 'वापर ३ टक्के' दाखवायचा. त्याला सांगायची सोय नाही, म्हणून त्याच्यापुरतं मावशींचं एलएक्ससीएफएस लावलं. पॅकेज होल्डवर टाकलं, आधी ते आणि मग डॉकर असा क्रमही बांधला. आता आकडे बरोबर येतात.

काल साहेबांनी डॅशबोर्ड बघितला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मशीनची बाकीची अडीचशे जीबी रॅम कुठे गेली?"