‘माफीचा साक्षीदार’: मैत्रीची गोष्ट की निव्वळ धाकाची?

धरमपेठकर
आपल्या विदर्भातून गेलेल्या दिग्दर्शक राजदत्तांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) आज नागपुरात फारसा कोणाच्या लक्षात नाही. पुण्यात कॉलेजच्या मुलांच्या टोळीने केलेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेल्या या चित्रपटाइतकी मैत्री आणि महत्त्वाकांक्षा यांची निष्ठुर सांगड मराठीत क्वचितच दिसते. मूळ प्रकरणात, १९७६ च्या जानेवारीत, पहिला बळी ठरला तो ओळखीचा सहाध्यायीच. आपण स्वतःहून घर सोडत आहोत, अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घेतली, मग गळा आवळून प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकले. वडिलांकडे खंडणीची मागणी गेली ती त्यानंतर. १९७७ च्या मार्चमधला शेवटचा बळीसुद्धा एका मित्राचा भाऊ होता. दोस्तीच्या विश्वासाचाच येथे हत्यारासारखा वापर झाला.

महालवासी
क्षमस्व, पण याला मैत्री म्हणवत नाही. एकाची जरब आणि बाकीच्यांचा भेकडपणा, एवढेच ते नाते. आणि पैशाच्या हावेला महत्त्वाकांक्षा म्हटले की गुन्ह्याला उगाच प्रतिष्ठा मिळते. माझा खरा आक्षेप टोळीच्या म्होरक्याची भूमिका करणाऱ्या नाना पाटेकरांच्या प्रभावाबद्दल आहे. ते पडद्यावर आले की दुसरीकडे पाहावेसेच वाटत नाही, आणि डिसेंबर १९७६ मध्ये भांडारकर रस्त्यावरील एकाच घरात मारली गेलेली पाच माणसे, त्यांत काशिनाथशास्त्री अभ्यंकरांसारखे संस्कृतचे व्यासंगी पंडित, प्रेक्षकाच्या मनात मागे पडतात. (अभिनय उत्तम आहे, हे मान्यच, अडचणही तीच.)

सिव्हिल लाइन्सचे वकील
महालवासी यांनी शीर्षकाकडे काणाडोळा केला आहे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ नुसार माफीच्या साक्षीदाराला, म्हणजे साथीदारांविरुद्ध साक्ष देणाऱ्या आरोपीला, माफी मिळे ती सारे काही खरे आणि पूर्ण सांगण्याच्या अटीवर; तरीही साथीदाराच्या साक्षीला अन्य पुराव्याचा आधार असावा, असा न्यायालयांचा दंडक असे, कारण स्वतःची मान सोडवायला तो दुसऱ्याची अडकवू शकतो. पण ज्याला टोळीत विश्वासाने बसवले होते, त्यालाच सांगण्यासारखे काही असते. मैत्री नव्हतीच, तर तो फुटला कोणापासून?

महालवासी
पोलिसांनी धरल्यावर फुटला, वकीलसाहेब. टोळीचा म्होरक्या राजेंद्र जक्कल याच्यासह चौघे २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फासावर गेले आणि हा सुटला. जीव वाचवण्याचा हिशेब सर्वांचा सारखाच होता, फक्त याचा जुळला. चित्रपट पुन्हा जरूर दाखवावा, पण मैत्रीपट म्हणून नव्हे.