पहिली नोकरी माध्यमात : पदवीनंतर नेमकं काय करायचं? (अनुभव धागा)

जून-जुलैत पत्रकारितेची पदवी किंवा पदविका घेतलेली मुलं बाहेर पडतात आणि 'बायोडेटा पाठवला, उत्तर आलं नाही' इथे अडकतात. मराठी माध्यमांत भरती करणाऱ्यांनी, चाचण्या तपासणाऱ्यांनी आणि नव्या मुलांना शिकवणाऱ्यांनी इथे लिहावं, ही विनंती. स्वतःचा प्रवास नको. चाचणीत काय असतं, कुठे चुकतं, का चुकतं, कोणती कागदपत्रं बघावीत, हे हवं आहे. जितकं बारीक लिहाल तितकं उपयोगी.

दैनिकाचा डेस्क, पुणे

दैनिकात नव्या माणसाची पहिली जागा बहुतेक वेळा प्रशिक्षणार्थी उपसंपादकाची असते, बातमीदाराची नाही. म्हणून तयारीही डेस्कचीच करा, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या तपासण्याची आणि लिहिण्याची.

लेखी चाचणी दीड ते दोन तासांची. वृत्तसंस्थेची अडीचशे-तीनशे शब्दांची इंग्रजी बातमी मराठीत करणं, मुद्दाम चुका घातलेला मजकूर दुरुस्त करणं, विस्कळीत माहितीतून बातमी आणि मथळा तयार करणं आणि थोडं सामान्यज्ञान, असा तिचा साधारण साचा असतो. सगळ्यात जास्त मुलं अनुवादात पडतात, आणि त्याचं कारण इंग्रजी कच्चं असणं हे नसतं. वाक्याची इंग्रजी घडी तशीच मराठीत उतरते. 'मुख्यमंत्र्यांद्वारे प्रकल्पाचे उद्घाटन करण्यात आले' असं लिहिलं की तपासणारा तिथेच थांबतो. 'मुख्यमंत्र्यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले', इतकं सरळ आहे ते. इंग्रजीत चाळीस शब्दांचं एक वाक्य असेल तर मराठीत त्याची दोन किंवा तीन करा. कोण म्हणालं ते वाक्याच्या सुरुवातीला घ्या.

दुसरी खोट आकड्यांत. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. ३.२ मिलियनचे ३२ लाख व्हायला हवेत; '३.२ दशलक्ष' व्याकरणात बसतं, पण वाचकाच्या डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. २.५ बिलियनचे २५ कोटी करणारे प्रत्येक तुकडीत निघतात. ही चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो, त्यामुळे इथे गुण सढळपणे कापले जातात.

तिसरी गोष्ट गावांची नावं. इंग्रजी मजकुरात ळ आणि ण दिसत नाहीत. जळगावचं 'जलगाव', परळीचं 'परली', चिपळूणचं 'चिपलुन' करणाऱ्याला महाराष्ट्राचा नकाशा माहीत नाही असाच अर्थ निघतो. सायन म्हणजे शीव, हेही ठाऊक हवं. ३६ जिल्हे आणि त्यांतले तालुके एकदा नीट वाचून काढा. दोन संध्याकाळी पुरतात.

शुद्धलेखनाचे नियम एकूण अठरा आहेत. पाठ नको, पण सामासिक शब्दांचा नियम हाताला बसला पाहिजे: शक्ती पण शक्तिप्रदर्शन, नियुक्ती पण नियुक्तिपत्र, गुरू पण गुरुवर्य. शिवाय महत्त्व, तज्ज्ञ, कोट्यवधी, परीक्षा, परिस्थिती हे शब्द दुरुस्तीच्या उताऱ्यात हमखास असतात.

मथळा मोजून लिहा. 'दोन ओळी, प्रत्येकी सोळा अक्षरे' असं सांगितलं असेल तर बावीस अक्षरांचा सुंदर मथळा बाद ठरतो, कारण पानावर त्याला जागाच नाही. आणि मथळ्यात क्रियापद असू द्या.

जिल्हा कार्यालय, सोलापूर

जिल्हा आवृत्तीतल्या जागांची जाहिरात क्वचितच येते. जागा रिकामी झाली की आवृत्तीप्रमुख आधी ओळखीतल्या चार जणांना विचारतो. म्हणून प्रत्यक्ष जाऊन भेटावं. वेळ दुपारी बारा ते तीनची. संध्याकाळी पाचनंतर पानं लागायला सुरुवात होते. त्या वेळी गेलात तर तुमच्याशी बोलायला कुणी मान वर करणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

सोबत एका पानाचा बायोडेटा, स्वतः केलेल्या पाच बातम्या आणि त्या दैनिकाच्या गेल्या महिनाभराच्या जिल्हा पानांवर न आलेले पाच विषय न्या. शेवटचा कागद सगळ्यात जास्त वाचला जातो. विषय 'पाणीटंचाई' असा मोघम नको. कुठली योजना, कुठलं गाव, कोणत्या कार्यालयात माहिती मिळेल, कुणाकुणाशी बोलावं लागेल, हे चार ओळींत लिहा.

बातम्या छापून आलेल्या नसल्या तरी चालतं, पण खऱ्या हव्यात. माहिती अधिकार हा नवख्यासाठी सर्वात चांगला रस्ता आहे: दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. अनेक अर्ज इथेच अडतात. रस्ते, शाळा आणि पाणी एकाच अर्जात विचारलेलं असतं. 'गेल्या तीन वर्षांत अमुक रस्त्याच्या दुरुस्तीवर वर्षनिहाय झालेला खर्च व कंत्राटदारांची नावे' असं नेमकं मागा. कारण विचारू नका, कागद मागा.

आपल्या जिल्ह्याची परिमाणं पाठ हवीत. उजनीचंच घ्या. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात मृतसाठा (तळाचा, नेहमीच्या वापरात न धरलेला) ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. टक्केवारी उपयुक्त साठ्याची सांगतात. त्यामुळे 'उणे वीस टक्के' म्हणजे धरण कोरडं नव्हे, सुमारे ५३ टीएमसी पाणी तेव्हाही धरणात असतं. 'उजनीने गाठला तळ' हा मथळा अशा वेळी चुकीचा ठरतो आणि जिल्ह्यातला शेतकरी तो लगेच पकडतो. तसंच पिकांची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज): पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर गावाच्या सवलती अवलंबून असतात. चाळीस गुंठ्यांचा एकर, साधारण अडीच एकरांचा हेक्टर. पदांचंही तेच. जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी, पंचायत समितीत गटविकास अधिकारी, नगरपालिकेत मुख्याधिकारी, महापालिकेत आयुक्त. यांची अदलाबदल करणाऱ्याच्या हाती कुणी बीट (ठरावीक विषयाची बातमीदारी) देत नाही.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या: वार्ताहराकडून जाहिराती आणण्याची अपेक्षा आहे का? काही ठिकाणी मानधन नाममात्र आणि मुख्य कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, अशी रचना असते. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्धची बातमी द्यायला हात अडखळतो. हे समजून मग हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण पहिल्याच भेटीत विचारा.

गुन्हे व न्यायालय बीट

बीटच्या चाचणीत कायद्याचे प्रश्न हमखास येतात आणि अनेकांची उत्तरं जुन्या पुस्तकातली असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं कलम १०३, खुनाच्या प्रयत्नाचं १०९. मात्र त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड विधानच लागतं, म्हणून जुन्या खटल्याच्या बातमीत ३०२ दिसलं तर ते 'दुरुस्त' करू नका.

ताब्यात घेतलं आणि अटक केली, संशयित आणि आरोपी, आरोपी आणि दोषी, जामीन आणि अटकपूर्व जामीन यांतला फरक पक्का असावा. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे (न्याय संहितेचं कलम ७२, बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३). नाव गाळून वडिलांचं नाव, शाळा आणि वाडी लिहिली तरी ओळख उघड होतेच. चाचणीच्या मजकुरात हे तपशील पेरलेले असतात. ते तुम्ही काढता का, एवढंच पाहायचं असतं.

वृत्तवाहिनी, आउटपुट विभाग

अँकर किंवा रिपोर्टर व्हायचं म्हणून आलेल्यांना पहिली जागा बहुतेकदा आउटपुट डेस्कवर (बुलेटिन तयार करणारा विभाग) किंवा असाइनमेंटवर (बातमीदारांना कामं वाटणारा विभाग) मिळते. ती नाकारू नका. बुलेटिन कसं बांधतात ते तिथेच कळतं.

चाचणीत एक मजकूर देऊन त्यातून अँकर लिंक (निवेदकाने वाचायची प्रस्तावना), तीस सेकंदांचा व्हीओ (दृश्यांवरचं निवेदन) आणि चार-पाच टिकर (पडद्याखाली सरकणाऱ्या ओळी) मागतात. तीस सेकंदांना साधारण ६० ते ७० शब्द. मुलं १२० लिहितात आणि मग आवाज पळवावा लागतो, किंवा दृश्यं संपतात. लिहिलं की घड्याळ लावून मोठ्याने वाचा; चाचणीच्या खोलीत पुटपुटलात तरी कुणी काही म्हणत नाही. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, म्हणून '२,३४७' ऐवजी 'सुमारे साडेतेवीसशे'. लिंकमध्ये जे सांगितलं तेच व्हीओच्या पहिल्या वाक्यात आणि पुन्हा बाइटमध्ये (कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याचा तुकडा) आलं, तर नव्वद सेकंदांच्या पॅकेजमधली (पूर्ण तयार बातमी) वीस सेकंदं वाया गेली. बाइट बारा ते पंधरा सेकंदांचा पुरतो. तो मतासाठी किंवा भावनेसाठी ठेवा, माहिती व्हीओत सांगा.

मोबाइलवर नमुना करून आणणार असाल तर फोन आडवा धरा, कॉलर माइक वापरा आणि पंख्याखाली रेकॉर्डिंग करू नका. खराब चित्र एकवेळ चालवून घेता येतं, खराब आवाज चालत नाही. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर ठेवा, नाहीतर एडिटरला कापायला काही उरत नाही.

बहुतेक मराठी वृत्तवाहिन्यांची मुख्यालयं मुंबई परिसरात आहेत आणि पहाटेची शिफ्ट पाच-सहाला सुरू होते. पहिल्या लोकलचा हिशेब करूनच खोली बघा.

टायपिंगबद्दल थोडं

युनिकोड इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची प्रमाण रचना) शिका. एक महिना रोज पाऊण तास दिलात तर मिनिटाला तीस शब्दांपर्यंत पोचता येतं. अनेक छापील दैनिकांच्या पान लावण्याच्या व्यवस्थेत जुने, युनिकोडपूर्व फाँट अजून असतात. तिथून मजकूर बाहेर आणला की अक्षरांचा कचरा होतो. कन्व्हर्टर बरंचसं नीट करतो, पण रफार, 'ऱ्या'तला र आणि 'ष्ट्र' तुटतात. कन्व्हर्ट केल्यावर तेवढे तीन डोळ्यांखालून घाला. बोलून टाइप करण्याच्या सोयीवर विसंबून चाचणीला जाऊ नका. तिथे दहा जण एका खोलीत बसलेले असतात.

आकाशवाणी

मुंबई, पुणे, नागपूर इथल्या प्रादेशिक वृत्तविभागांत हंगामी वृत्तनिवेदक-अनुवादक आणि हंगामी संपादक यांचं पॅनेल असतं. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत असा क्रम. निवड झाली तरी महिन्यात मोजकेच दिवस काम मिळतं, म्हणून याला पूर्ण नोकरी समजू नका. दुसऱ्या कामाबरोबर मात्र उत्तम. आवाजाच्या चाचणीत गोड आवाजापेक्षा च, ज, झ यांचे दोन्ही उच्चार (चाक आणि चार, जागा आणि जीवन), ण-न आणि ळ यांकडे लक्ष असतं. श्वास स्वल्पविरामाला घ्या, शब्दाच्या मध्ये नको.

गोवा

गोव्यातल्या मराठी दैनिकांत महाराष्ट्रातून शिकून आलेली मुलं शब्दांत अडकतात. इथे तहसीलदार नाही, मामलेदार. जमिनीचा सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा. ग्रामपंचायतीचा सदस्य पंच. कोमुनिदाद म्हणजे काय हे समजल्याशिवाय जमिनीची एकही बातमी नीट लिहिता येत नाही: गावाच्या सामायिक जमिनीची ही जुनी संस्था आहे, सरकारी जमीन नव्हे. कोकणी कळलीच पाहिजे, कारण ग्रामसभा कोकणीत होते आणि बातमी मराठीत लिहायची असते.

डिजिटल डेस्क

इथे वेगाची चाचणी असते, पाऊण तासात दोन-तीन छोट्या बातम्या. घाईत सगळ्यात जास्त चुकतो तो फोटो. शोधयंत्रावर सापडलेलं चित्र उचलून लावलं की हक्काचा प्रश्न येतो, आणि पुराच्या बातमीला चार वर्षांपूर्वीचा पूर लागतो. उलट प्रतिमाशोध दोन मिनिटांचं काम आहे. चाचणीतही करून दाखवा आणि उत्तराखाली तसं नोंदवा. 'व्हायरल व्हिडिओत दिसत आहे' ही बातमी नव्हे. कुठला, कधीचा, कुणी खात्री केली, हे तिन्ही नसेल तर लिहू नका.

नियुक्तिपत्र आणि पैसे

नव्या मुलांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

नियुक्तिपत्र लेखी घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ते देणं मालकावर बंधनकारक आहे. पत्रात तुम्ही कर्मचारी आहात की मानधनावरचे, हे आधी बघा. कर्मचारी असाल तर भविष्य निर्वाह निधीत तुमचा बारा टक्के वाटा कापला जातो आणि मालकही आपला वाटा भरतो. मानधनावर असाल तर यातलं काही नाही. दहा टक्के कर कापून पैसे येतात आणि विवरणपत्र भरलं की, उत्पन्न करपात्र नसेल तर, ते परत मिळतात. पहिल्या वर्षी विवरणपत्र न भरणारी मुलं हे पैसे सोडून देतात. पगार ठरवताना 'वर्षाचं पॅकेज' ऐकून खूश होऊ नका. महिन्याला हातात किती, एवढंच विचारा.

मूळ पदवी प्रमाणपत्र कुठेही जमा करू नका. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत आणि रक्कम दोन्ही वाचा.

प्रेस कार्डसाठी पैसे मागणाऱ्याकडे पाठ फिरवा. ओळखपत्र संस्था फुकट देते. सरकारी अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तिला काही वर्षांचा अनुभव लागतो. नवख्याला ती विकत मिळवून देतो म्हणणारा खोटं बोलतो. अनोळखी साप्ताहिक असेल तर त्याची नोंदणी तपासा. २०२४ पासून ही नोंदणी भारताच्या प्रेस महानिबंधकांकडे होते आणि शीर्षक तिथे शोधता येतं.

एक प्रश्न आला आहे: शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं, मराठी घरात बोलतो, पण लिहिताना हात थांबतो. मराठी डेस्कसाठी किती दिवस लागतील?

उत्तर (डेस्क, पुणे): साधारण दोन महिने धरा. रोज संध्याकाळी एक इंग्रजी बातमी निवडून अर्ध्या तासात मराठीत लिहा. सकाळी तीच बातमी दोन मराठी दैनिकांत शोधा आणि तीन गोष्टी ताडून बघा: पहिलं वाक्य कुठून सुरू केलं, काय गाळलं, आणि तुमच्या कुठल्या शब्दाऐवजी त्यांनी कुठला शब्द घेतला. तो शब्द वहीत उतरवा. चाचणीला जाण्याच्या आदल्या रात्री फक्त ती वही वाचा.