मदत हवी आहे: समाजशास्त्राचा पेपर 'कॉपी' म्हणून परत आलाय

वाळपईची बस
नमस्कार. गोव्यात एफवाय बीएला आहे, मेजर समाजशास्त्र. प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, म्हणजे दोन्हीकडे अर्धी. घरी विचारण्यासारखं कोणी नाही म्हणून इथे विचारते.

पहिल्या तासाला सरांनी सात पानांचं पत्रक वाटलं. हजेरी किती लागणार, फोन कुठे ठेवायचा, कुठला धडा कधी वाचून यायचा, असाइनमेंट उशिरा दिली तर दिवसाला किती मार्क जाणार, वर्गात जातीधर्मावर चर्चा चालू असताना काय पाळायचं, सगळं त्यात आहे. शेवटच्या पानावर सही करून द्यायची होती. मी मागच्या बाकावर बसून सही ठोकली. वाचलं काल रात्री, पेपर परत आल्यावर.

झालं असं की पहिल्या आयएसएला (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेला) कुटुंबसंस्थेवर हजार शब्द लिहायचे होते. मी मराठी विश्वकोशातलं वाचलं आणि दोन रात्री जागून ते इंग्रजीत केलं. गूगल नाही, एआय नाही, शेजारी डिक्शनरी घेऊन. सरांनी लाल पेनाने लिहिलंय, 'हे तुझं लिखाण नाही', आणि मार्कांच्या जागी रेघ. मैत्रिणीने इंग्रजी वेबसाइटवरून उचलून शब्द फिरवले, तिला १० पैकी ६.

कॉपी म्हणजे जसंच्या तसं उतरवणं ना? माझी तर भाषाच वेगळी आहे!

दुसरं म्हणजे पुढची असाइनमेंट, सार्वजनिक जागी एक तास बसून निरीक्षण. चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी संपली की द्यायचीय. मी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या सजावटीचा, बाजार घेतलाय. खर्डा दाखवला तर सर म्हणाले, हे मत झालं, यात समाजशास्त्र कुठे आहे? ते कुठे असतं कोणी सांगेल का?

आणि सकाळची बस चुकली की पहिला तास गेलाच. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर खरंच परीक्षेला बसू देत नाहीत?

पेडण्याची
टीवायला आहे, बसचं दुःख माहीत आहे. हजेरीचा हिशेब असा कर: चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. त्यातले ४५ हवेत. म्हणजे १५ तुझ्या हातात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण एक ताप, दोन लग्नं आणि जुलैचा पाऊस यात कधी संपतात कळत नाही. वहीच्या मागच्या पानावर रेघा मारत जा. नावांची यादी बोर्डावर लागल्यावर रडत गेलेल्यांना कोणी विचारत नाही.

बसचं सरांना आत्ताच सांग, लेखी. मी सांगितलं होतं. हजेरी एका तासाचीही वाढवून मिळाली नाही, पण दहा मिनिटं उशीर झाला तर मागच्या दाराने आत यायची मुभा मिळाली. तेवढ्यावर वर्ष निघालं.

अर्धा चहा
सात पानं आणि वर सही? मोबाइलचं सिमकार्ड घेताना करायचे तसं. उद्या काही झालं तर 'तू सही केली होतीस' म्हणायला मोकळे. शिवाय हे शास्त्रच बाहेरचं, तिकडच्या लोकांनी तिकडच्या लोकांसाठी लिहिलेलं. आमच्या मुलांनी त्यावर इंग्रजीत हजार शब्द खरडायचे!

खडू-डस्टर
बाय, मी दुसऱ्या कॉलेजात हाच पेपर बरीच वर्षं शिकवतो, म्हणून थोडं लांबवर लिहितो.

आधी कॉपीचं. शेजाऱ्याच्या माडाचे नारळ तू पाडलेस, सोललेस, किसलेससुद्धा. मेहनत तुझी, नारळ त्याचे. मजकुराची मांडणी, उदाहरणांचा क्रम, कुठला मुद्दा आधी आणि कुठला नंतर, हे सगळं ज्याने ती नोंद लिहिली त्याचं आहे. भाषा बदलल्याने ते तुझं होत नाही. आमच्याकडे दरवर्षी चारपाच जणांचं हेच होतं, आणि बहुतेक मराठी किंवा कोकणी शाळेतून आलेली, प्रामाणिकपणे मेहनत केलेली मुलं असतात. चोरी करायची म्हणून कोणी दोन रात्री जागत नाही, हे सरांनाही कळत असणार.

मराठीत वाचलंस यात काही चुकलं नाही, ते सोडू नकोस. फक्त वाचून झाल्यावर पान मिटायचं आणि आईला सांगितल्यासारखं आपल्या शब्दांत सांगायचं. जे त्या नोंदीतून घेतलं तिथे 'मराठी विश्वकोशानुसार' असं स्पष्ट लिहायचं. मग स्वतःच्या घराकडे वळायचं. आजी कोणाकडे राहते, आजोबांची जमीन कोणाच्या नावावर आहे, मामा चवथीला येतो की काका, ही माहिती कुठल्याच कोशात नाही. सरांना तीच हवी असते.

मैत्रिणीला ६ मिळाले ते सरांच्या नजरेतून सुटलं म्हणून. तिचं उदाहरण देऊन भांडायला जाऊ नकोस.

आता मत आणि समाजशास्त्र. सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये यावर एक साधं उदाहरण दिलं. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्या माणसाचं कसब, स्वभाव, संधी बघावी. पण पाच कोटी कामगारांच्या देशात दीड कोटी बेकार असतील तर एकेकाचा स्वभाव तपासून उत्तर मिळणार नाही, तिथे व्यवस्थाच बघावी लागते. हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं जांभया देतात. मग गोव्यातल्या खाणींचं विचारतो. एका घराचा ट्रक बंद पडला, हप्ता थकला, तर लोक म्हणतात धंदा जमला नाही. २०१२ साली खाणी थांबल्या आणि खाणपट्ट्यात दारोदारी ट्रक उभे राहिले. तेव्हा कोणाकोणाला जमलं नाही म्हणायचं? डिचोली-सांग्याची पोरं इथे जागी होतात, कारण तो ट्रक त्यांच्या अंगणातला असतो.

तुझ्या खर्ड्यातलं पहिलं वाक्य इथे टाक बघू.

अर्धा चहा, सहीचं तुमचं काही अंशी पटतं. मी सही घेत नाही, पत्रकावर पाच मार्कांची चाचणी घेतो. शिव्या तेवढ्याच मिळतात. पण 'बाहेरचं शास्त्र' हे नाही पटलं. आपल्या देशात हा विषय ज्यांनी रुजवला ते गोविंद सदाशिव घुर्ये १८९३ साली मालवणात जन्मले. पेडण्याहून पुढे गेलं की दोनेक तासांवर! १९२४ पासून ते मुंबई विद्यापीठात हा विभाग सांभाळत होते, आणि इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास त्यांच्याच हाताखाली शिकले.

वाळपईची बस
वाक्य असं आहे (मराठीत सांगते): 'आजकाल लोकांना संस्कृतीची ओढ राहिली नाही, रानात जाऊन माटोळीचं सामान आणायच्या ऐवजी सगळे बाजारातून विकत आणतात.'

खडू-डस्टर
चवथीला अजून दहा दिवस आहेत. बाजार भरलेलाच नाही. मग हे तू कुठे बसून पाहिलंस?

वाळपईची बस
...गेल्या वर्षीचं आठवून लिहिलं.

खडू-डस्टर
झालं तर मग, समाजशास्त्र नेमकं तिथेच निसटलं. 'ओढ राहिली नाही' हे दिसत नसतं. दिसतं ते असं: कांगलां, कवंडळं अशी रानफळं, सुपारीचे घोस घेऊन कोण बसलंय, बायका किती, पुरुष किती. पहाटे कुठून आल्या. गिऱ्हाइकाला फळाचं नाव माहीत असतं की बोट दाखवून विचारतो. घासाघीस कोण कोणाशी करतो आणि कोणाशी करत नाही. रानात जाणं थांबलं नसेलही, कदाचित एकाच्या ऐवजी दुसरं कोणी जात असेल. ते कोण, हा प्रश्न घेऊन बस. एक तास फक्त लिहून घे, अर्थ घरी आल्यावर लाव.

टिपणं त्याच रात्री साफ लिही आणि त्यांचा फोटो काढून ठेव. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत श्रीनिवासांनी म्हैसूरजवळच्या गावाबद्दल साफ लिहून काढलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं. तुम्ही आम्ही श्रीनिवास नव्हे.

पेडण्याची
पत्रकात परवानगीचं कलम असेल ते बघ. फोटो विचारून काढायचे, नावं बदलायची. आणि गावात नुसतं नाव बदलून भागत नाही. मी आमच्या गावच्या पोस्टमनवर लिहिलं, नाव बदललं, आणि वर्गात दोघींनी लगेच ओळखलं. पोस्टमन एकच आहे ना! बाईंनी गावाचं नाव आणि त्याचं वयही काढायला लावलं.

वाळपईची बस
अपडेट. सरांना भेटले. भांडले नाही, पण डोळ्यांत पाणी आलं ते आलंच. पत्रकाच्या पाचव्या पानावर लिहिलंय की असा पेपर सात दिवसांत पुन्हा देता येतो, मात्र निम्म्याच मार्कांतून. माझे दोनच दिवस उरले होते. आजीच्या दोन चुलींवर लिहून दिला. ५ पैकी ४. निम्मे गेले याचं अजून वाईट वाटतं, नियम कळला तरी.

काल माटोळीच्या बाजारात तासभर बसले. लिहून घेतलेली वीस पानं झाली. एक शंका आहे. ज्या काकीच्या शेजारी बसले ती आमच्याच वाड्याची निघाली. बाकी सगळ्यांकडून तिने मोजून पैसे घेतले, मी उठताना माझ्या पिशवीत कवंडळं घातली आणि पैसे घेतले नाहीत. हे निरीक्षणात धरायचं, की मी स्वतः त्यात आले म्हणून गाळायचं?

खडू-डस्टर
गाळू नकोस. पहिलं पान त्याचंच कर.